पोंक्ष्यांची ब्युरेट आणि तिसरा मुलगा

दिगंबरराव पोंक्षे यांचं ठाम मत होतं की देवाने आधी ब्युरेट घडवली आणि मग तिच्यावरून माणूस बेतला.

ब्युरेट म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही ते सुखी जीव. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हातभर लांब काचेची नळी, अंगावर बारीक रेघा, खाली तोटी. नळीत कॉस्टिक सोड्याचं पातळ पाणी भरायचं, खाली चंबूत मोजून ॲसिड ठेवायचं, त्यात दोन थेंब इंडिकेटर, म्हणजे रंग दाखवणारं औषध, टाकायचं आणि तोटी हलकेच फिरवून वरचं पाणी खाली सोडत राहायचं. चंबूत गुलाबी छटा आली रे आली की तो एंड पॉइंट, तोटी बंद. किती मिलिलिटर लागलं ते रेघांवर वाचायचं. संपलं. शेंबडं पोरही करील असं हे काम. पण कलकत्त्याच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून बावीस वर्षं दुसऱ्यांना हे करताना बघून दिगंबररावांच्या डोक्यात जो प्रकाश पडला होता, तो भल्याभल्या शास्त्रज्ञांच्या डोक्यात पडला नाही. निदान दिगंबरराव तरी तसं म्हणत.

"आता बघा," ते समोर सापडेल त्याला धरून सांगत, "बाकी सगळ्या मापांचं शून्य तळाशी असतं. भरत जाल तसा आकडा वाढतो. ब्युरेटचं शून्य डोक्यावर! ती जितकी रिकामी होते तितका तिचा आकडा मोठा. माणसाचं वय याहून काय निराळं असतं? आमची एकावन्न झाली. ब्युरेट पन्नासाची. म्हणजे रेघा संपल्या, आता खाली टोकात जे अडकलंय त्यावर संसार चाललाय."

मग ओघाने लोंबत्या थेंबाचा सिद्धान्त यायचा. ब्युरेटच्या टोकाशी लोंबणारा थेंब माणसाची नजर ओळखतो. टक लावून बघा, तो पडणार नाही. पापणी लवली की पडलाच म्हणून समजा. दिगंबररावांनी यावर उपाय म्हणून एक डोळा मिटून दुसऱ्याने बघायचा प्रयोग वर्षभर केला. थेंब दर वेळी मिटलेल्या डोळ्याच्या बाजूने पडला. शिवाय बावीस वर्षांत त्यांच्या प्रयोगशाळेत एकतीस ब्युरेटी फुटल्या होत्या आणि त्यातल्या सव्वीस बाहेरचा परीक्षक यायच्या आदल्या आठवड्यात फुटल्या होत्या. उरलेल्या पाच परीक्षक आल्यावर, त्याच्या देखत. कँटीनमध्ये इलिश मासळी तळली जात असेल त्या दिवशी सबंध वर्गाचे आकडे अर्ध्या मिलिलिटरने घसरतात, कारण तोटीवरची बोटं नाकाच्या हुकमात जातात. मोहन बागान आणि ईस्ट बंगालचा फुटबॉलचा सामना असेल त्या दिवशी कुठल्याही दोन मुलांचे आकडे जुळत नाहीत, आणि जुळले तर ती दोघं एकाच संघाची असतात.

फिजिक्सचे श्यामसुंदरबाबू हे सगळं चहा पिता पिता ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "दिगंबरबाबू, आपनार माथा खाराप." डोकं फिरलंय हे सांगायला भाषांतर लागत नाही. दिगंबरराव खूश होत. तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांनी 'ब्युरेटचा स्वभाव' या विषयावर चाळीस मिनिटं भाषण ठोकलं तेव्हा हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि बदलून आलेले एक सरकारी अधिकारी गंभीरपणे वहीत टिपणं घेत होते.

पण या शास्त्राचा खरा गाभा पुढेच होता. माणूस ब्युरेट कशी सोडतो त्यावरून तो आयुष्यभर कसा वागेल ते सांगता येतं, असं दिगंबररावांचं म्हणणं. काही जण तोटी भसकन उघडतात आणि मग अरे अरे करत बसतात. काही जण पहिल्यापासून थेंबाथेंबाने जातात. त्यांचं चुकत काहीच नाही, पण होतही काही नाही. तिसरी जात सगळ्यात वाईट. या लोकांचा हात पुढे जातो, रंग गडद होतो, आणि वहीत ते गुपचूप आधीचा आकडा लिहितात. "पहिल्या दोघांना शिकवता येतं," दिगंबरराव म्हणत, "आकडा चोरणाऱ्याला देवसुद्धा सुधारू शकत नाही."

हे सगळं कॉलेजपुरतं राहिलं असतं तर बिचाऱ्या कालिंदीबाईंना तक्रार नव्हती. पण एकुलती एक मुलगी वृंदा बी.एस्सी. होऊन शाळेत शिकवायला लागली, तिला स्थळं यायला लागली, आणि दिगंबररावांनी कॉलेजातून तोटी दुरुस्त केलेली एक ब्युरेट आणि लोखंडी स्टँड घरी आणून ठेवला. बालीगंजच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मुलगा बघायला आला की आधी पोहे, मग चहा आणि मग ब्युरेट, असा रिवाजच पडला.

"जग पत्रिका बघतं, तुम्ही नळी बघा," कालिंदीबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या.

"पत्रिका हवी तशी करून मिळते. ब्युरेट मिळत नाही," दिगंबररावांनी ऐकवलं.

पहिला आला फोर्ट विल्यममधला एक कॅप्टन. देखणा, मिशा पिळदार. त्याने तोटी अशी उघडली की चंबू गुलाबी व्हायच्या भानगडीत न पडता एकदम राणी रंगाचा झाला. "झालं, सर!" असं खणखणीत आवाजात सांगून तो पोह्यांकडे वळला. दुसरा एका बँकेतला अधिकारी. त्याने एक थेंब सोडला, चंबूकडे बघितलं, ब्युरेटकडे बघितलं, दिगंबररावांकडे बघितलं आणि मग दुसरा सोडला. सात मिलिलिटरला पोहे गार झाले. अकराला त्याच्या वडिलांना डुलकी लागली. सोळाला वीज गेली. काळोखात त्याचा नम्र आवाज आला, "उद्या येऊन इथूनच पुढे चालू केलं तर चालेल का?"

स्वयंपाकघराच्या पडद्याआड वृंदा पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होती. तिला दोघांपैकी एकही नको होता, त्यामुळे बाबांचं शास्त्र तिला फार पटत होतं. पाहुणे गेले की बापलेक दोघं मिळून नकला करायचे. "बाबा, चहा खाणार?" असं ती कलकत्त्याच्या बंगाली वळणाच्या मराठीत विचारायची आणि दिगंबरराव "खातो, खातो" म्हणत पुढची नक्कल काढायचे. त्र्याहत्तर सालचा तो पावसाळा त्या घरात असा मजेत गेला.

मग नलिनीताईंनी आपल्या भाच्याचं स्थळ आणलं.

नलिनीताई मंडळातल्या जुन्या. भाचा जयप्रकाश ओगले, बजबजच्या एका तेलडेपोच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. दिगंबररावांनी केमिस्ट हा शब्द ऐकला आणि चहाचा कप तसाच खाली ठेवला. वृंदा त्याला आधीच ओळखत होती. गणेशोत्सवातल्या नाटकाच्या तालमींना तो बजबजहून लोकलने यायचा आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून तिसरा अंक अर्धा टाकून पळायचा. तिने रात्रीची भांडी विसळता विसळता आईला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या समोर येऊन उभी राहिली.

"बाबा, हा मला आवडलाय. तुमची परीक्षा घ्या, माझी ना नाही. पण घ्याल ती नीट घ्या."

"म्हणजे? मी आजवर काय पाट्या टाकल्या?" दिगंबरराव म्हणाले. "ज्याचा आकडा बरोबर येईल त्याला मी नाही म्हणणार नाही. शब्द दिला."

शब्द देऊन बसले आणि मग कळलं की जयप्रकाशची बदली झालीय. दोन महिन्यांत वरच्या आसामात, तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात. नकाशात शोधायला गेले तर बोट सरकत सरकत पार कागदाच्या कडेला लागलं. आणि हा माणूस रोज दहा वेळा ब्युरेट हाताळतो! त्याचा आकडा चुकणार कशाला? त्या आठवड्यात दिगंबररावांनी कॉलेजात कुणालाही सिद्धान्त ऐकवला नाही. श्यामसुंदरबाबूंनी दोनदा विचारलं, शरीर बरं आहे ना?

बरं नव्हतंच. वृंदा शाळेतून आली की चपला काढायच्या आधी दारातूनच दिवसभराचं सांगायला लागायची. ते सांगणं ऐकायला दिगंबरराव साडेचारलाच खुर्ची दाराकडे फिरवून बसत. ती आसामात गेल्यावर त्या खुर्चीचं तोंड कुठे करायचं, हे त्यांना काही केल्या सुचेना.

रविवारी सकाळी पाहुणे दहाला यायचे होते. नऊ वाजता दिगंबररावांनी नेहमीसारखं स्टँड लावलं, चंबूखाली पांढरी बशी ठेवली, पिपेटने मोजून ॲसिड चंबूत सोडलं. आता इंडिकेटर. एरवी ते थेंब उमेदवाराच्याच हातून टाकून घेत. त्या दिवशी त्यांनी इंडिकेटरची बाटली उचलली, इकडे तिकडे बघितलं, आणि तशीच परत कपाटात ठेवून दिली. चंबूत गेले ते दोन थेंब साध्या पाण्याचे. आता वरून हुगळी नदी ओतली तरी रंग बदलायचा नाही. रंग नाही तर आकडा नाही, आकडा नाही तर मुलगी नाही. बावीस वर्षं आकडेचोरांना शिव्या घालणारा माणूस, आणि करणी ही! त्यांनी हात धुतले, पुसले आणि धोतराच्या निऱ्या सारख्या करून बाहेर येऊन बसले.

जयप्रकाश आला. उंच, जरा पोक काढून चालणारा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. नलिनीताई बरोबर. पोहे झाले, चहा झाला.

"इंडिकेटर मी घालून ठेवलंय," दिगंबरराव भिंतीकडे बघत म्हणाले. "करा सुरू."

वृंदाने मान वर केली. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

जयप्रकाशने आधी तोटी तपासली, वरची रेघ डोळ्यांच्या समोर यावी म्हणून गुडघ्यावर बसला, आणि डाव्या हाताने तोटी, उजव्या हाताने चंबू असा तो जो हलवायला लागला, ते बघून दिगंबररावांतला मास्तर क्षणभर सगळं विसरला. काय हात होता! बारीक, सैल, बिनघाईचा. अठराला त्याने वेग कमी केला. बावीसला थेंबावर आला. बाहेर ट्रामची घंटा वाजली तरी त्याने मान हलवली नाही. चोवीस. पंचवीस. सव्वीस.

"रंग येईलच हं आता," नलिनीताई म्हणाल्या.

अठ्ठावीस. जयप्रकाशने चंबू उजेडाकडे धरला. चंबू पाण्यासारखा स्वच्छ. त्याने बशी बघितली, बाटली कुठे दिसते का ते बघितलं, आणि परत तोटी फिरवली. तिसाला त्याच्या कपाळावर घाम आला. चौतिसाला त्याने तोटी बंद केली आणि उठून उभा राहिला.

"का हो? थांबलात का?" दिगंबररावांनी विचारलं.

"काका, मला आकडा देता येणार नाही. एंड पॉइंट केव्हाच गेला असणार, पण मला तो दिसला नाही."

"अंदाजाने सांगा की. रोजचं काम तुमचं."

"पिपेटच्या मापावरून अंदाजाने चोवीसच्या आसपास म्हणेन. पण ते मी बघितलेलं नाही, तेव्हा ते उत्तर नव्हे."

त्या ॲसिडाचं खरं उत्तर चोवीस पूर्णांक एक होतं. दिगंबररावांनी ते आदल्या दिवशी स्वतः काढून ठेवलं होतं. आता फक्त एक वाक्य बोलायचं होतं: मग जमायचं नाही. ते बोलायचं सोडून दिगंबरराव पांढरी बशी सरळ करत बसले.

तेवढ्यात वृंदा आत गेली आणि मिसळणाच्या डब्यातला चमचा घेऊन बाहेर आली. चमच्यात चिमूटभर हळद होती. तिने ती चंबूत टाकली आणि चंबू गोल फिरवला. ॲसिड शिल्लक असतं तर हळद पिवळीच राहिली असती. पण सोडा कधीच वरचढ झाला होता. बघता बघता सगळं पाणी लालभडक झालं.

"अगं बाई, कुंकू!" नलिनीताईंनी टाळी वाजवली. "शकुन झाला की हो! किती छान प्रयोग आहे तुमचा!"

बाकी कुणी टाळी वाजवली नाही. जयप्रकाशने चंबूकडे बघितलं, मग वृंदाकडे, मग हळूच दिगंबररावांकडे. त्याला सगळं समजलं होतं. तो चष्मा पुसत म्हणाला, "इंडिकेटर जुनं झालं असेल, काका. इथल्या दमट हवेत टिकत नाही. आमच्याकडेही होतं असं."

"परवाच नवीन आणलंय," वृंदा म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

आता सावरून न्यायला जागा होती. पोराने ती स्वतःहून करून दिली होती. पण त्याने आपल्याला पदराखाली घेतलं, हेच दिगंबररावांना सोसेना.

"जुनं नाही अन् बिनं नाही," ते एकदम म्हणाले. "मी घातलंच नव्हतं."

"अहो!" कालिंदीबाईंच्या हातातला कप बशीत वाजला.

"का हो भाऊजी, विसरलात?" नलिनीताईंनी भाबडेपणाने विचारलं.

"विसरतोय कसला! हा पास होणार हे मला ठाऊक होतं म्हणून घातलं नाही. लबाडी केली. या वयात, स्वतःच्या पोरीशी." त्यांनी वृंदाकडे बघायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "ती इतक्या लांब गेली तर मी करू काय? मला ती जायला नकोय. झालं. हेच आहे, दुसरं काही नाही."

कालिंदीबाई पदराने डोळे टिपत पुटपुटल्या, "मग तसं म्हणायचं होतं हो. मला काय ती जायला हवीय?" वृंदा पुढे आली आणि बाबांच्या खुर्चीच्या हातावर बसली, लहानपणी बसायची तशी. त्यामुळे तर दिगंबररावांचा उरलासुरला धीर सुटला. ते घाईने उठले, स्टँडवरून ब्युरेट काढली आणि "कॉस्टिक राहिलं तर तोटी चिकटून बसते" असं काहीतरी म्हणत मोरीकडे पळाले.

मोरीत त्यांनी नळ सोडला आणि ब्युरेट धरून नुसतेच उभे राहिले. जरा वेळाने मागून कुणीतरी तांब्या भरून नळीच्या तोंडाशी धरला. जयप्रकाश होता.

दिगंबररावांनी तोटी उघडली. पाणी खाली जायला लागलं. दोघांनी मिळून एकदा नळी धुतली, दुसऱ्यांदा धुतली.

"तिथून इथे यायला किती वेळ लागतो?" दिगंबररावांनी नळीकडे बघत विचारलं.

"दोन रात्री आणि दीड दिवस. मध्ये गाडी बदलावी लागते."

"नलिनीताई तर म्हणाल्या, एका रात्रीचा प्रवास."

"मावशीला लग्न जमवायचंय, काका." जयप्रकाशने तांब्या पुन्हा भरला. "पावसाळ्यात रूळ पाण्याखाली गेले तर चार दिवससुद्धा लागतात. कधी आठवडा."

"आणि रजा?"

"वर्षातून एकदा, तीन आठवडे. पहिल्या वर्षी नाही."

"पहिल्या वर्षी मुळीच नाही?"

"मुळीच नाही. पत्र टाकलं तर आठ दिवसांनी पोचतं."

दिगंबरराव त्याच्याकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत. "अरे, या घटकेला तरी थोडं कमी करून सांगायचंस! माझी मुलगी मागायला आलायस तू."

जयप्रकाशने मान खाली घातली. "मलाही कमी असतं तर हवं होतं, काका. पण तेवढंच आहे."

नळाचं पाणी वाहत होतं. बाहेर वृंदा आईला काहीतरी हळू आवाजात समजावत होती, आणि तो आवाज दिगंबरराव थोडा वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी ब्युरेट जयप्रकाशच्या हातात दिली आणि मोरीच्या दारात येऊन हाक मारली.

"कालिंदी, साखर काढ. मुलगा आकडा चोरत नाही."